पॅट मथीनी ऐकायला कुठून सुरुवात करायची? कानांनी सिनेमा बघण्याच्या काही पायऱ्या

पहिल्यांदा पॅट मथीनी लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं तसलं काहीतरी वाटलं. गुळगुळीत गिटार, मागे सिंथेसायझरचं धुकं, कानाला कुठे काही खुपत नाही. चूक माझीच होती. मोबाइल ओट्यावर ठेवून, भांडी घासता घासता, शफलवर ऐकत होतो. वीस मिनिटांच्या सिनेमातली मधलीच दोन मिनिटं बघून 'काही घडत नाही' म्हणण्यातला प्रकार.

तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख. जॅझचं व्याकरण यायची गरज नाही, वाद्य वाजवता येण्याचीही नाही. हिंदी-मराठी सिनेमाचं पार्श्वसंगीत आयुष्यभर कानावर पडलंय ना? तेवढं पुरे.

आधी थोडी ओळख. पॅट मथीनी हा अमेरिकन गिटारवादक आणि संगीतकार. १९५४ साली मिझुरी राज्यात, कॅन्सस सिटीजवळच्या ली'ज समिट या गावी जन्मलेला. (रोमन स्पेलिंग वाचून मेथीची जुडी आठवते, पण उच्चार मथीनी.) त्याच्याबरोबर दुसरं नाव घ्यायलाच हवं, ते लाइल मेझचं. विस्कॉन्सिनचा पियानोवादक, मथीनीपेक्षा वर्षभराने मोठा. कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातल्या जॅझ महोत्सवात दोघं भेटले आणि १९७७ मध्ये 'पॅट मथीनी ग्रुप' सुरू झाला. पाटीवर नाव एकाचं, पण आपण ज्याला त्यांचा 'सिनेमासारखा आवाज' म्हणतो, त्यातला निम्म्याहून जास्त मेझचा, असं माझं मत. मथीनी गोष्टीतलं पात्र, मेझ ते पात्र ज्या आभाळाखाली चालतं ते आभाळ.

पायरी १: आधी मोबाइल सरळ करा

शफल बंद. दोन गाणी एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड बंद. ऐकण्याच्या अ‍ॅपमध्ये 'बेस बूस्ट' किंवा तसलं काही चालू असेल तर तेही बंद. हेडफोन साधे असले तरी चालतील, पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. या संगीतातला बराचसा मजकूर अगदी हळू आवाजात असतो आणि तो स्पीकर नेमका तोच खाऊन टाकतो.

आवाजाची पातळी एकदा ठरवा आणि मग हात लावू नका. सुरुवात हळू आहे म्हणून वाढवलंत, तर सातव्या मिनिटाला दचकाल. हळू आहे ते मुद्दाम हळू आहे.

पायरी २: 'लास्ट ट्रेन होम'

१९८७ च्या 'स्टिल लाइफ (टॉकिंग)' या अल्बममधली ही साडेपाच मिनिटांची रचना. सुरुवातीला हीच घ्या. सोपी आहे आणि फसवीही.

स्नेअर ड्रमवर ब्रशची अखंड खरखर ऐकू येईल. ही आगगाडी. ग्रुपचा ड्रमवादक पॉल वर्टिको ती सुरू करतो आणि थांबू देत नाही. वर मथीनी जे वाजवतो ते आहे इलेक्ट्रिक सितार. आपल्या सतारीशी तिचं नातं जवारीसारख्या झणझणाटापुरतंच. बाकी ती गिटारच, गिटारसारखीच वाजवायची. पण त्या झणझणाटामुळे सुराला कड येते आणि तो धुक्यात विरघळत नाही.

आता एकच गोष्ट करा: माणसाचा आवाज कधी येतो ते बघा. पहिली काही मिनिटं गाडी आणि खिडकीबाहेरचं माळरान एवढंच आहे. मग अचानक शब्दांशिवाय गाणारे आवाज उठतात. कोरस म्हणून त्यात मोठं काही नाही, पण इतका वेळ रिकाम्या ठेवलेल्या डब्यात एकदम माणसं दिसावीत तसं होतं. दुसरा कुणी असता तर हे आवाज पहिल्याच कडव्याला आणून मोकळा झाला असता.

ही रचना कदाचित तुमच्या ओळखीची निघेल. 'जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या 'स्टारडस्ट क्रुसेडर्स' पर्वात शेवटच्या श्रेयनामावलीला ती वापरली आहे. विशीतल्या पोरांना मथीनी ठाऊक असतो तो बहुधा तिथून.

पायरी ३: 'आर यू गोइंग विथ मी?'

१९८२ च्या 'ऑफरॅम्प'मधली, जवळपास नऊ मिनिटांची. इथे थोडं थांबू, कारण या माणसाची सगळी रीत या एका रचनेत आहे.

ठेका सुरू होतो आणि शेवटपर्यंत जवळजवळ तोच राहतो. वर हार्मोनिकासारखा एक उदास सूर येतो. ती खरी हार्मोनिका नाही, मेझचं की-बोर्ड आहे. चाल छोटी, दोन वेळा ऐकलीत की गुणगुणता येईल अशी. बराच वेळ एवढंच. नवखा ऐकणारा इथेच कंटाळतो आणि पुढे ढकलतो. ढकलू नका.

मग गिटार येते, पण गिटारसारखी ऐकू येत नाही. मथीनीकडे रोलँड कंपनीचा जीआर-३०० हा गिटार सिंथेसायझर आहे. बोटं तारेवरच, पण बाहेर येणारा आवाज ट्रम्पेटच्या जवळचा, थोडा किंचाळणारा. सुरुवातीला तो दोन-चार सुरांत बोलतो, मध्ये श्वास घेतो, परत बोलतो. हळूहळू वाक्यं लांबतात. मग सगळ्या रचनेची पट्टीच वर चढते. आणि परत चढते. मागचा ठेका तसाच, मेझचा पडदा मात्र प्रत्येक चढणीला जरा जाड होत जातो.

सिनेमात असं दृश्य असतं: कॅमेरा एका माणसाच्या चेहऱ्यावर आहे आणि न तुटता मागे मागे, वर वर जातोय. आधी माणूस, मग रस्ता, मग अख्खं गाव. माणूस तेवढाच, पण आता तो गावाएवढ्या चौकटीत उभा आहे. इथे तसंच काहीसं घडतं. 'सिनेमॅटिक' म्हटलं की लोकांना व्हायोलिनांचा ताफा आठवतो. या रचनेत एकही व्हायोलिन नाही. जे आहे ते अंतर. कोण जवळ उभं आहे, कोण लांब, आणि ते अंतर किती वेळात कमी-जास्त होतं.

जॅझमध्ये सोलो म्हणजे बहुतेकदा वादकाची मोकळीक: आता तुझी पाळी, वाजव. इथे सोलोला एक काम नेमून दिलेलं आहे. त्याने गोष्ट इथून तिथे न्यायची. ख्याल ऐकणाऱ्यांना यात बढतीची, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेण्याची आठवण होईल आणि ती अगदीच चुकीची नाही. मथीनी राग मांडत नाही, पण उशिरा पोचण्यातली मजा दोन्हीकडे सारखीच.

पायरी ४: दिवे मालवा आणि वीस मिनिटं द्या

१९८१ चा अल्बम, नाव 'अ‍ॅज फॉल्स विचिटा, सो फॉल्स विचिटा फॉल्स'. नाव मुळात बास वादक स्टीव्ह स्वॅलोच्या एका रचनेचं, त्याच्याकडून उचललेलं. एलपीची पहिली बाजू म्हणजे अख्खी एकच रचना, वीस मिनिटांहून थोडी जास्त. १९८० च्या सप्टेंबरात ओस्लोमध्ये, ईसीएम या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेली.

वाजवणारे किती? तीन. मथीनी गिटारी आणि बास, मेझ पियानो, ऑर्गन, सिंथेसायझर आणि ऑटोहार्प (बटणं दाबून छेडायचं तंतुवाद्य), आणि ब्राझीलचा नाना व्हास्कोन्सेलोस तालवाद्यं, बेरिंबाउ (धनुष्यासारखं एका तारेचं वाद्य) आणि स्वतःचा गळा. हे तीनच जण आहेत हे ऐकताना विसरायला होतं आणि ते विसरायला लावणं हीच इथली करामत आहे.

सुरुवात गर्दीच्या आवाजाने. कसली गर्दी, कुठली, सांगत नाहीत. मग खाली बासचा एक संथ, परत परत येणारा सूर. वर लांबलचक स्वरसंगती. बराच वेळ चाल अशी नाहीच, फक्त जागा आहे. सिनेमात नाव-गाव सांगण्याआधी नुसता प्रदेश दाखवतात, तसं. मध्ये एक आवाज कोरडेपणाने आकडे वाचू लागतो. कशाचे आकडे? तेही सांगत नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून दाराची कडी बघून आलो होतो.

एक व्यायाम सुचवतो. कागद-पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे 'दृश्य बदललं' असं वाटेल तिथे मिनिट-सेकंद लिहून ठेवा. विचार करू नका, वाटलं की लिहा. दुसऱ्या दिवशी परत ऐका आणि तिथे नेमकं काय झालं ते बघा. बहुतेक ठिकाणी असं सापडेल की नवीन काही आलेलंच नव्हतं, उलट काहीतरी गेलं होतं. बास थांबला होता, किंवा गर्दी. हे एकदा पकडलंत की कुठल्याही सिनेमाचं पार्श्वसंगीत तुम्हाला वेगळं ऐकू येईल.

दमलात तर पलटून दुसरी बाजू लावा. त्यातली 'सप्टेंबर फिफ्टीन्थ' ही पियानो-गिटारची रचना बिल एव्हन्ससाठी आहे. तो थोर पियानोवादक १५ सप्टेंबर १९८० रोजी, म्हणजे हे ध्वनिमुद्रण झालं त्याच महिन्यात गेला. तिच्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही. त्याच बाजूचं 'इट्स फॉर यू' पुढे केविन रेनॉल्ड्सच्या 'फँडँगो' (१९८५) या चित्रपटात वापरलं गेलं. सिनेमासाठी न केलेलं संगीत सिनेमात सहज बसलं, याचं आश्चर्य एव्हाना तुम्हाला वाटू नये.

पायरी ५: आता खरा सिनेमा

हा मुक्काम मोठा. इथे चित्रपट बघायचा आहे: जॉन श्लेसिंजरचा 'द फाल्कन अँड द स्नोमॅन', १९८५. टिमथी हटन आणि शॉन पेन. खऱ्या घटनेवरची गोष्ट: धर्मगुरू व्हायचं शिक्षण सोडून आलेला, ससाणे पाळणारा एक तरुण संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या कंपनीत लागतो, तिथली गुपितं त्याच्या हाती येतात आणि मित्राला मध्यस्थ करून तो ती मेक्सिको सिटीतल्या सोव्हिएत वकिलातीला विकतो.

संगीत मथीनी-मेझ जोडीचं. ध्वनिमुद्रण लंडनला, नॅशनल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत. आधी अल्बम ऐकू नका, चित्रपटच बघा. बघताना संगीताकडे मुद्दाम लक्ष न देणं अवघड जाईल, पण प्रयत्न करा. मग दोन दिवसांनी अल्बम लावा.

काय जाणवेल? पहिलं म्हणजे गिटारचे लांब सोलो नाहीत. तुकडे छोटे. 'आर यू गोइंग विथ मी?'ची चढण इथे शोधाल तर निराश व्हाल. कारण उघड आहे: पडद्यावर हटनचा चेहरा असताना गिटार गोष्ट सांगू लागली तर दोघं एकमेकांच्या अंगावर बोलतील. स्वतःच्या अल्बममध्ये चित्र, संवाद, पात्रं सगळं यांनाच करायचं असतं. इथे ती कामं दुसऱ्यांकडे गेलीत. उरलं ते मेझचं आभाळ, आणि मथीनीने त्याखाली मुकाट उभं राहायचं. काही समीक्षकी वृत्तीचे मित्र म्हणतात की म्हणून हा अल्बम फिका. मला तसं वाटत नाही. गप्प कुठे बसायचं हे कळलेल्या माणसांचं ते काम आहे.

दुसरं म्हणजे सुरुवातीचं वृंदगान. अल्बमची पहिली रचना बायबलमधल्या १२१ व्या स्तोत्राची, अँब्रोसियन गायकवृंदाच्या आवाजात. आधी चर्च, मग त्यातून ससाण्याची भरारी. नायक सेमिनरी (धर्मगुरूंची शाळा) सोडून आलेला आणि ससाणे पाळणारा, त्यामुळे त्याची दोन्ही टोकं पहिल्याच रचनेत येऊन जातात.

तिसरी गंमत घरी करून बघण्यासारखी. अल्बममध्ये 'क्रिस' नावाची एक वाद्यरचना आहे, नायकाची धून. तीच धून घेऊन ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने शब्द लिहिले, गायलं आणि 'धिस इज नॉट अमेरिका' तयार झालं. लोकप्रिय गाण्यांच्या ब्रिटनच्या यादीत ते १४ व्या, अमेरिकेत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. दोन्ही पाठोपाठ ऐका. साज जवळजवळ तोच, पण गळा आला की आभाळ मागे सरकतं आणि आपण फक्त माणसाकडे बघू लागतो. 'लास्ट ट्रेन होम'मध्ये आवाज उशिरा का आणला, त्याचं उत्तर इथे उलट बाजूने मिळतं.

जॅझवाल्यांनी सिनेमाला वाजवणं हे आपल्याला नवीन नाही, हे जाता जाता. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ आणि दिवसा स्टुडिओत फिल्मी गाणी वाजवणाऱ्या गोवेकरांची पिढीच होती. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मधल्या (१९५१) ट्रम्पेटमागे हळदोण्याचा चिक चॉकलेट उभा आहे. फरक एवढाच, की त्यांना आपलं नाव पाटीवर लावायची संधी फार कमी मिळाली.

पायरी ६: बावीस मोजा

जरा बैठक बदलू. 'द फर्स्ट सर्कल', १९८४. सुरुवातीला टाळ्या आहेत आणि त्या पकडायच्या आहेत. आवर्तन २२ मात्रांचं, १२ आणि १० असं दोन भागांत. तालात वाढलेल्या कानाला वाटतं, हे काय, मोजून होईल. पहिल्या प्रयत्नात हमखास चुकतं, कारण टाळ्या सम दाखवत नाहीत, त्या मध्ये मध्ये पडतात. बोटांवर मोजणं सोडा आणि अर्जेंटिनाच्या पेद्रो अझनारच्या निःशब्द गाण्यामागे जा. चाल इतकी सरळ वाहते की बावीसचा हिशेब कुणाच्या लक्षातही येऊ नये, आणि तोच हेतू. ही पायरी टाळलीत तरी काही बिघडत नाही. मला आवडते म्हणून आहे.

पायरी ७: दुसऱ्यांच्या घरी

दोनच थांबे. १९८३ चा 'अंडर फायर' हा निकाराग्वातल्या क्रांतीवरचा चित्रपट. संगीत जेरी गोल्डस्मिथचं, मथीनी फक्त गिटारवादक म्हणून आलेला. स्वतः संगीतकार असलेला माणूस दुसऱ्याच्या चौकटीत कसा वागतो ते बघायला हा उत्तम. आणि १९९७ चा 'बियॉन्ड द मिझुरी स्काय', बास वादक चार्ली हेडनसोबत. यात 'सिनेमा पारादिसो' या इटालियन चित्रपटाच्या दोन धुना आहेत. एन्निओ मोरिकोनेचं मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत दोन माणसांत कसं मावतं? व्हायोलिनं गेली, बास आणि गिटारी उरल्या, तरी डोळे भरून येतात. रात्री उशिरा ऐकावा. सकाळी याचा काही उपयोग नाही.

पायरी ८: ड्रमवाला

मथीनीबरोबर बरीच वर्षं वाजवलेला ड्रमवादक अंतोनियो सांचेझ मेक्सिको सिटीचा. त्याच शहरात अलेहांद्रो इन्यारितू हा तरुण रेडिओवर निवेदक होता आणि सांचेझ त्याचं स्टेशन ऐकत असे. मथीनी ग्रुप सांचेझने पहिल्यांदा ऐकला तो त्या रेडिओवर. पुढे निवेदक दिग्दर्शक झाला, श्रोता त्याच ग्रुपमध्ये ड्रम वाजवू लागला आणि २०१४ च्या 'बर्डमॅन'साठी इन्यारितूने त्याला बोलावलं. पार्श्वसंगीत म्हणून बहुतांशी नुसते ड्रम.

चित्रीकरणाआधीच सांचेझने काही तुकडे वाजवून ठेवले. दिग्दर्शक समोर बसून मनातलं दृश्य बघायचा आणि पात्राने दार उघडलं, वळलं की हात वर करायचा. हात दिसला की ड्रममध्ये बदल. नंतर तयार चित्र बघून परत वाजवलं, तेही मुद्दाम जुनाट, सैल आवाजाच्या ड्रमवर, कारण गोष्ट एका मोडकळीला आलेल्या नाट्यगृहात घडते. चित्रपटात आयतं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतही बरंच असल्याने ऑस्करने हे संगीत स्पर्धेतून बाद ठरवलं. ग्रॅमी मात्र मिळालं.

'बर्डमॅन' बघताना पायरी ४ मधला कागद परत काढा. ड्रम कुठे थांबतात तेवढंच लिहा.

पायरी ९: शेवटी वाद्यवृंद, पण उलटा

'द वे अप' (२००५) ही ६८ मिनिटांची सलग रचना सध्या बाजूला ठेवा. मथीनी-मेझ जोडीचं ते सगळ्यात मोठं काम आहे, पण वरच्या पायऱ्या दोन-तीनदा झाल्याशिवाय त्यात हरवायला होतं. एखादा लांबचा प्रवास ठरला की तेव्हा लावा.

त्याऐवजी 'फ्रॉम धिस प्लेस' घ्या, २०२० चा. सिनेमात आधी चित्र तयार होतं, मग त्यावर वाद्यवृंद. मथीनीने इथे तीच पद्धत स्वतःच्या बँडवर वापरली. आधी चौघांनी मोकळेपणाने वाजवलं: तो, सांचेझ, बासवर लिंडा मे हान ओह, पियानोवर ग्विलिम सिमकॉक. मग त्या ध्वनिमुद्रणालाच 'चित्र' मानून, त्यातल्या उत्स्फूर्त जागांना धरून वाद्यवृंदाचं संगीत लिहिलं गेलं आणि हॉलिवूडच्या स्टुडिओ वाद्यवृंदाने ते वाजवलं. म्हणून व्हायोलिनं पियानोच्या एखाद्या क्षणिक लहरीला असं उत्तर देतात, की जणू त्यांना ती आधीच ठाऊक होती. ती खरंच आधीच ठाऊक होती.

लाइल मेझ १० फेब्रुवारी २०२० रोजी गेला. हा अल्बम अकरा दिवसांनी, २१ तारखेला आला. त्यात मेझ नाही. पहिलीच रचना 'अमेरिका अनडिफाइन्ड', तेरा मिनिटांहून मोठी. लावा, आवाजाला हात लावू नका आणि शेवटाकडे कान द्या. फाटकाची घंटा वाजते आणि आगगाडी जाते. या वेळी ब्रशची खरखर नाही, खरी गाडी.